बसलिंगप्पांच्या त्रेचाळीस नक्ष्या

बसलिंगप्पांनी तीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींच्या नक्षीची कार्डं पंच केली. पुठ्ठ्याला भोकं पाडायची, पुठ्ठे दोऱ्यानं ओवायचे, मग त्या भोकांबरहुकूम माग चादरीवर मोर उठवणार. नवे माग आले आणि मालकांनी जुनी कार्डं भंगारात घातली. अप्पा भांडले नाहीत. कारखान्याच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "अर्शी, कार्डं गेली तर जाऊ दे. नक्ष्या तेवढ्या वेबसाइटवर ठिवू. मला शिकीव की."

मी जात्याच चिडकी, तरी शिकवलं. आपण साधा मजकूर लिहायचा, एक कमांड द्यायची. स्टॅटिक साइट जनरेटर नावाचा प्रोग्राम त्यातून वेबसाइटची सगळी पानं तयार करतो. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो धड चालेना, म्हणून कंटेनरमध्ये बसवला. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली वेगळी खोली. खोली मोडली की आतलं सगळं जातं, म्हणून मजकुराचा फोल्डर बाहेर ठेवून आत जोडायचा असतो. तेच मी विसरले. अप्पांनी दोन महिने जे लिहिलं, ते सगळं त्या खोलीतच राहिलं.

खंडेनवमीला कारखान्यात माग पुसतात, अडगळ काढतात, हळदकुंकू वाहतात. अप्पांनी कॉम्प्युटरचीही अडगळ काढली. यादीत बंद दिसणारा कंटेनर उडवला आणि स्क्रीनवर झेंडू खोवला.

दसऱ्यानंतर पाहतो तर एक ओळ शिल्लक नाही. "कुणी सांगितलं होतं नको ते शहाणपण?" मी ओरडले. ओरडता ओरडताच उमगलं, चूक माझी आहे. पण कबूल करवेना.

अप्पा खुर्ची ओढून बसले. "लिव तू. मी सांगतो."

डोळे मिटलेले, बोटं टेबलावर पंच मारल्यासारखी चाललेली. नक्षीचं नाव, कार्डं किती, काठ केवढा, कुठला रंग कशानंतर. चार दिवसांत त्रेचाळीस नक्ष्या. मला वाटलं, म्हातारा अंदाजपंचे ठोकतोय. गोदामात मोराच्या कार्डांचा एक गठ्ठा चुकून राहिला होता, तो गुपचूप मोजला. अप्पांनी तीनशे चौऱ्याऐंशी सांगितली होती. तीनशे चौऱ्याऐंशीच भरली. एवढं सगळं या माणसाच्या बोटांत होतं, आणि मी त्याला कमांड पाठ करायला लावत होते!

या वेळी फोल्डर बाहेरून जोडला. कमांड दिली आणि पापणी लवायच्या आत त्रेचाळीस पानं उभी राहिली. अप्पा बघतच राहिले. "अबब! येवढ्यात?"

मला राहवेना. "अप्पा, चूक माझी होती. फोल्डर मी जोडला नव्हता."

"ठावं हाय. लिवायला बसलो त्याच्या दुसऱ्याच दिशी तुझ्या तोंडावरनं कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लिवत हुतीस की," अप्पा म्हणाले. "बोललो आसतो तर तुझा हात थांबला आसता."