नसा मोकळ्या निघाल्या

मामा वारला हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आईला नाही. "तुझ्या भावाची तब्येत खराब आहे," एवढंच सांगून मोठे काका तिला पांढुर्ण्याहून सौंसरला घेऊन गेले. आमच्याकडे बहिणीला असंच नेतात. गाडीतून उतरताच तिला अंगणात तिरडी दिसली आणि ती छाती धरून खालीच बसली.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा मोकळ्या आहेत, पण धक्क्यानं हृदयाचा स्नायू कमजोर झालाय. खालचा भाग फुगलाय, तो आवळला जात नाही, म्हणून रक्त पुढे ढकललं जात नाही. काकांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. आई पलंगावर पडून ऐकत असताना ते आल्यागेल्याला सांगायचे, "काही नाही निघालं. नाटक करून राहिली."

संत्र्याच्या बगीच्यात पाणी पोचलं नाही, तर पाइप मोकळा आहे म्हणून हेच काका गप्प बसत नाहीत. विहिरीवर जाऊन मोटार उघडतात.

शेवटी मी विचारलंच, "तुम्ही तिच्याशी खोटं काऊन बोलले?"

काका म्हणाले, "तिले धक्का बसू नये म्हणून."