हळदीत रंगवलेला पंचा

"शिकारीत सगळ्यात मजा कशात असते, सांग बघू," असं म्हणून काका चहाचा कप हातात धरून उभे राहायचे. उत्तराची वाट बघायची त्यांना सवय नव्हती. "बूट काढण्यात. दिवसभर गारठलेले पाय शेकोटीपुढे धरावेत आणि मोज्यांतून वाफ निघताना बघावी. बाकी बंदूक वगैरे ठीक आहे."

पुढच्या खेपेला उत्तर निराळं. कधी वाटेतल्या गावात खाल्लेला चेरी पाय, कधी जंगलातल्या केबिनमधली त्यांच्या हातची मुगाची खिचडी. शिकार हा मात्र त्यांच्या मते शिकारीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग होता. त्यांनी जन्मात बंदूक हातात धरलेली नव्हती आणि ते अंडंही खात नसत.

ऐंशीच्या दशकातलं, अमेरिकेतलं ॲन आर्बर. आम्ही नवराबायको नुकतेच आलो होतो, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून आम्हीही. काकू गेल्यावर ते एकटेच राहत होते. दर नोव्हेंबरात वर्कशॉपमधला वॉल्टर हरणांच्या शिकारीला उत्तरेकडच्या जंगलात जायचा, आणि यांना आचारी म्हणून घेऊन जायचा. खरं तर आचाऱ्याची गरज कुणालाच नव्हती. पहिल्या वर्षी वॉल्टरला त्यांना एकटं सोडवलं नाही, एवढंच.

मी एकदा विचारलं, "काका, कंटाळा नाही येत तिथे नुसतं बसून?"

"अगं, इथली शांतता खायला उठते. तिथली नाही उठत," ते म्हणाले आणि सिंककडे वळून कप धुवायला लागले.

हे त्यांचं दुसरं वेड. खरकटं भांडं त्यांना क्षणभरही बघवत नसे. कुणाकडे जेवायला गेले की ताट स्वतः घासणार, वर शेजाऱ्याचंही ओढून घेणार. यजमानीण ओशाळी व्हायची. तुम्हीही असा एखादा पाहुणा पाहिला असेल. त्याला रागवावं की पाया पडावं, कळत नाही.

तिसरं वेड पंच्याचं. गार वारं लागलं की त्यांचे कान ठणकायचे, म्हणून ते पंचा डोक्याकानांवरून गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारायचे. पहिल्याच वर्षी वॉल्टर हादरला. तिकडचं हरीण पळताना शेपूट वर करतं आणि तिची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. झाडीत पांढरं काही हललं की उतावळे शिकारी गोळी झाडतात. त्याने यांना भडक नारिंगी जाकीट आणि तसलीच लोकरी टोपी आणून दिली. जाकीट यांनी घातलं. टोपी टोचते म्हणाले.

मग काकांनी डोकं चालवलं. हळदीत खाण्याचा सोडा घातला की लाल रंग चढतो, म्हणून पातेल्यात दोन्ही कालवून त्यांनी पंचाच रंगवून काढला. सिंक, ओटा, हात, सगळं केशरी. "संन्यास घेताय की काय?" माझा नवरा म्हणाला. "वॉल्टरने दीक्षा दिलीय," काका म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो.

हळदीचा रंग उन्हात उडतो आणि धुण्यात जातो, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक असतं. त्यांनाही होतं. दर वर्षी निघण्याआधी ते पंचा पुन्हा रंगवायचे. त्या वर्षी सामान भरताना मला तो पार विटलेला दिसला. मी म्हटलं, "काका, हा पांढरा झालाय. मी बुडवून देते पाच मिनिटांत. नाहीतर ती टोपी तरी घाला."

"आहे की पिवळा. आणि ओला पंचा कानाला बांधू का? वॉल्टर खाली हॉर्न वाजवतोय." मी पंचा धरून ठेवला होता. त्यांनी तो हसत माझ्या हातातून ओढून घेतला.

ते परत आले नाहीत. जंगलातल्या एका झऱ्याच्या पलीकडून कुठल्या तरी दुसऱ्याच टोळीतल्या माणसाने गोळी झाडली. काका झुडपांमागे खाली वाकले होते. जाकीट झुडपात झाकलं गेलं होतं. वर फक्त डोकं हलत होतं.

त्या गोळी झाडणाऱ्याचा मला कधी धड राग करता आला नाही. राग आला तो पंच्याचा, हळदीचा, त्या न टोचणाऱ्या कापडाचा. माणसाचं दुःख कुठेही जाऊन बसतं.

काही दिवसांनी वॉल्टर आमच्याकडे आला. एवढा आडदांड माणूस, पण खुर्चीच्या कडेवर बसला. त्याने काकांचा थर्मास टेबलावर ठेवला, शेजारी दोन स्टीलचे कप. मग त्याने सांगितलं की सकाळी दोघांनी चहा प्यायला आणि काका कप घेऊन झऱ्याकडे निघाले. काठाला बर्फ धरलं होतं. "मी म्हटलं, लीव्ह इट, केबिनवर धुऊ. ऐकेना. म्हणाला, शिकारीत सगळ्यात मजा कशात आहे, परत आल्यावर सांगतो."

मी कप हातात घेतले. एक लख्ख होता. दुसऱ्याच्या तळाशी चहा वाळून चिकटला होता.

"माझा त्याने आधी धुतला," वॉल्टर म्हणाला.