तट्ट्यामागचा बैल

स्वतःच्या आईनं आपल्याला चोर समजावं, आणि तेही भर रस्त्यात, हा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. माझ्या आला. तो मी मेहनतीनं ओढवून आणला होता, हेही सांगितलं पाहिजे.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची गोष्ट. सुलतानपुरात माझा तेलाचा घाणा होता आणि तो ओढायला एकच बैल. गिऱ्हाईक आपली करडी घेऊन यायचं, समोरच्या दगडावर बसायचं आणि तेल अन् पेंडीची ढेप घेऊनच उठायचं. मधल्या वेळात गावाची सगळी बातमी मला फुकट मिळायची.

ऐन करडी निघाल्यावर जू घासून बैलाची खांद सुजली. कळलं तर गिऱ्हाईक गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घाण्यावर जाणार. म्हणून मी कोणालाच कळू द्यायचं नाही असं ठरवलं. बायकोला शपथ घातली, घाण्याभोवती बांबूचे तट्टे उभे केले आणि जाहीर केलं, "नांदुऱ्याच्या गिरणीत अशीच रीत आहे. माल ठेवा, संध्याकाळी तेल न्या." नांदुऱ्याची गिरणी मी जन्मात पाहिली नव्हती.

तट्ट्यामागं बैलाच्या जागी मी. खांद्यावर गोणपाटाची घडी, छातीशी आडवं लाकूड आणि गरगर फेरे. घाणा हलेना, म्हणून वजनाचे अर्धे दगड उतरवले. तेल कमी निघू लागलं. पण ढेप तेलकट राहते, म्हणजे ढोरांचं भलंच होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आठ दिवसांत करडी येणंच थांबलं. लोकांना झालंय काय, हे मला कळेना. एका दुपारी बैलासाठी हळद घेऊन परतत होतो, तर धाकट्या भावाकडे राहणारी माझी आई डोक्यावर करडीचं टोपलं घेऊन दुसऱ्या टोकाकडे चाललेली.

"मा, कुठं चालली वं?"

"तेल काढाले."

"घरचा घाणा सोडून?"

"घरी तेल कमी येऊन राह्यलं. गाव म्हणते, तट्ट्यामागं अर्धं तेल गडप होते."

मी हबकलोच. "मा, मी तुह्या पोटचा पोरगा!"

"म्हणून त तोंडावर विचारलं नाही."

पुढं काय बोललो ते आठवत नाही. हातातली हळकुंडं कुठं पडली, तेही नाही. आठवतं ते एवढंच, की टोपलं तिच्या डोक्यावरून उतरवून घेतलं आणि तिला घाण्यावर नेलं. तमाशा पाहायला चारपाच जण मागून आलेच. मी तट्टा बाजूला सारला, गोणपाट खांद्यावर टाकलं, लाकडाला छाती लावली आणि सगळ्यांसमोर एक पुरा फेरा मारला.

कोणी हसलं नाही. हा दुसरा धक्का. मी हसं होण्याची तयारी करून आलो होतो.

"अन् बैल?" आईनं विचारलं.

"गोठ्यात. खांद सुजली." मग दगड उतरवल्याचंही सांगून टाकलं. "तुमचं तेल तुमच्याच ढेपेत गेलं."

"तरी म्हटलं, माही म्हैस ढेपेवर एवढी तुटून काऊन पडून राह्यली!" एक शेतकरी म्हणाला. हे माझं जुनं गिऱ्हाईक. मग तो माझ्यावरच उखडला. "अबे येड्या, बैल दुखाईत होता त सांगाचं नं! आमची जोडी दावणीले बसून आहे. तू काऊन जुतला?"

ज्यांना कळू नये म्हणून आठ दिवस खांदा सोलून घेतला, त्यांचेच बैल रिकामे बसलेले! मी जमिनीवर फतकल मारली.

सकाळी त्याचा बैल आला. मी दगड परत चढवले, तट्टे गोठ्याच्या भिंतीला लावले. पहिली करडी आईची. ती समोरच्या दगडावर येऊन बसली, ती उठेचना.

"मा, जाय आता घरी. बैल त दिसून राह्यला नं?"

"बैल पाहाले कोण बसलं? मी तुले पाहून राह्यली."