पतीचे नाव रिकामे

"बाई, अजून एकदा पाह्य ना. रामीबाई. सत्तरीची हाय माय मायी. सकाळी शुगरच्या बिमारीची गोळी घेतली, अन् पोटात अन्नाचा कण नाई. दोन घंटे झाले!" दौलतसिंग टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता.

पोहरादेवीच्या यात्रेतल्या हरवले-सापडले कक्षात सपनानं पाचव्यांदा कॉम्प्युटरमध्ये नाव टाकलं. उत्तर तेच : नोंद नाही.

रिठदची सपना मालेगावात कॉम्प्युटर शिकवते. हरवलेल्यांची नोंद अन् शोध करणारी ही स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तिनंच लिहिलेली. यात्रेत मोबाइल लागत नाहीत, म्हणून तिन्ही कक्ष तिनं केबलनं जोडले होते. स्वयंसेवकांना ब्राउझरमध्ये फॉर्म दिसे. तीच स्क्रिप्ट सपना नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवर, कमांड लाइनवरही चालवी. घरच्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडता उघडत नसे, तेव्हापासूनची सवय. मैत्रीण सरिता चिडवायची, "एकाच पोरीले दोन सासरं कायले वं?"

"चक्कर येऊन पडली असन कुठी तरी," दौलतसिंगचा आवाज फाटला.

ब्राउझरमध्ये चुका दाखवायच्या नाहीत, लोक गोंधळतात, हे तिनंच ठरवलं होतं. काळ्या स्क्रीनवर मात्र त्या लपत नसत. तिनं तिथं तोच शोध चालवला.

सकाळपासूनच्या चुकांच्या ओळी धडाधड उतरल्या. कक्ष तीन. रामीबाई. पतीचे नाव रिकामे. नोंद नाकारली. पुन्हा रामीबाई. पुन्हा. खाली भागिरथा. मग आणखी दोघी.

"चाला दादा, पळा!"

गर्दीतून वाट काढत दोघं तिसऱ्या कक्षाशी पोचले. रामीबाई खांबाला टेकून बसली होती. अंग घामानं निथळत होतं, डोळे अर्धे मिटलेले. दौलतसिंगनं खिशातल्या पुडीतली साखर तिच्या तोंडात घातली.

सपना कक्षातल्या स्वयंसेवकावर, सतीशवर बरसली. "कळवलं काहून नाई रे?"

"कसं कळवू? फॉर्म पुढी सरकतच नाई! ह्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाईत. मनानं टाकू का मी? कागदावर लिहून ठेवलं. इथून हालता येते का, पाह्य ना रांग!"

साखर विरघळायला जन्म लागला. मग म्हातारीनं डोळे उघडले आणि आधी सतीशच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "धन्याचं नाव जलमात घेतलं नाई. अन् ह्या पोट्ट्याच्या डब्यासाठी घेऊ?"

दौलतसिंग रडता रडता हसला. सपनाला हसता आलं नाही. पतीच्या नावाची चौकट सक्तीची तिनंच केली होती, नीटनेटकी माहिती हवी म्हणून. आपली आजी आजोबांना काय म्हणून हाक मारायची, हे तिला तेव्हा आठवलं नव्हतं.

सतीशच्या कॉम्प्युटरवरून ती आपल्या फाइलीत शिरली आणि ती अट खोडली. मग खांबामागं बसलेल्या भागिरथेपुढं वाकली.

"आजी, गाव सांगा. अन् तुमच्याच पोराचं नाव घ्या, मोठ्यानं."