पाठवणीच्या आधीचा गोल

माझ्या लेकीची पाठवणी एका फुटबॉलनं अडवली, आणि त्या फुटबॉलला मी अडवलं होतं.

सुमनचं लग्न आष्टीला आमच्या दारातच लागलं. व्हिडिओ शूटिंग असलेलं गल्लीतलं पहिलंच लग्न! पंगती उठल्या, पण वऱ्हाडाचा टेम्पो काही सुरू होईना. जावईबापू जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला, आणि तिथल्या टीममध्ये फुटबॉल खेळणारे; टीमची पोरं चेंडू घेऊनच वऱ्हाडात आलेली. नुसतं बसून काय करायचं, म्हणून वऱ्हाड विरुद्ध गाव अशी मॅच ठरली. जावईबापूंनी मुंडावळ्या सोडून सासूच्या हातात दिल्या, सफारीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले.

पंच कोण? मीच! जन्मभर जत्रेतल्या कुस्त्यांना शिट्टी मारलेला माणूस मी. (नियम एकच ठाऊक, पाठ टेकली की हरला. इथं तो काही कामाचा नव्हता.) वर सकाळपासून सगळ्यांना बजावत होतो, "मी बिलकुल रडनार न्हाई. रडायचं काम बायांचं."

गोल म्हणजे दोन दगड. जावईबापूंनी अशी लाथ हाणली की चेंडू दगडांजवळून गेला आणि थेट आचाऱ्याच्या वरणात पडला!

"गोऽल!" वऱ्हाड नाचायला लागलं.

मी शिट्टी मारली. "न्हाई! दगडाच्या भाईरून गेला."

"मामा, बराबर मधून गेला," जावईबापू म्हणाले.

"पंच मी हाये का तुमी?"

"मंग गोल दिल्याबगर मी टेम्पोत बसनार न्हाई."

"नका बसू! सुमनबी बसनार न्हाई. ऱ्हा दोघंबी इथंच, जागा लई हाये!"

नेमका तेव्हाच टेम्पो सुरू झाला. (दुपारभर मेलेला होता!)

जावईबापू एका बाजेवर जाऊन बसले, मी दुसऱ्या, पाठीला पाठ करून. व्याही घड्याळ बघून राह्यले, कारण दिवेलागणीच्या आत नवरीचं पाऊल घरात पडायला पाहिजे होतं. सुमनची आई माझ्या कानाशी आली. "अवो, येड लागलं का? पोरीची पाठवणी हाये!"

"मी शब्द फिरवत न्हाई."

मग शालू सावरत सुमनच आली. "आबा, एक गोल द्या की. माझ्यासाठी."

मी तिच्याकडं बघितलंच नाही. गोल दिला की ती जाणार, हे मला कळत होतं.

शेवटी शूटिंगवाला म्हणाला, "काका, भांडता कशाला? कॅसेटमधी सगळं आलंय."

ग्रामपंचायतीचा टीव्ही मांडवात आला, कॅमेऱ्याची वायर जोडली, अख्खा गाव मांडी घालून बसला. शूटिंगवाल्यानं कॅसेट मागं फिरवली. चेंडू वरणातून उडाला, कोरडा झाला, दोन दगडांमधून निघाला आणि जावईबापूंच्या पायाला येऊन चिकटला!

मी उठलो. "बघा! भाईर आला! आत गेल्ता तर आतच ऱ्हायला असता!"

"काका, कॅसेट उलटी फिरून राह्यली."

"उलटी का सुलटी, दिसलं ते दिसलं!"

मग त्यानं ती सुलटी लावली. चेंडू दगडांच्या मधोमध गेला. पण चेंडूकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. पडद्यावर पुढं मीच उभा होतो, गोलाकडं पाठ करून. तिकडं सुमनची पेटी टेम्पोत चढवत होते, आणि मी उपरण्यानं आधी डोळे कोरडे केले, मग पुन्हा तोंडाला तेच उपरणं लावून गदगदून हललो. "गोऽल" ऐकून दचकलो आणि शिट्टी मारली.

"मामा," जावईबापू हळूच म्हणाले, "तुमी तर बघितलंच न्हाई."

"डोळ्यात धूळ गेल्ती."

"दोन्हीबी डोळ्यात?" सुमननं विचारलं.

जावईबापू उठले, माझ्या पाया पडले. "ऱ्हाऊ द्या, मामा. पंचाचा शब्द. गोल नव्हता."

असं कुणी म्हटल्यावर माणसानं काय करावं? मी शिट्टी मारली आणि गोल दिला. पुढं जे रडलो, ते गावानं बघितलं. कॅमेरा तेवढा टीव्हीला बांधलेला होता, हे नशीब!

आता सुमन माहेरी आली की ती कॅसेट लावते, बरोबर तिथं थांबवते आणि माझ्याकडं बघते. मी म्हणतो, "उलटी फिरव." उलटी फिरली की चेंडू दगडांतून बाहेर येतो, उपरणं डोळ्यांवरून खाली उतरतं. त्या बाजूनं बघितलं तर माझा निकाल आजही बराबर आहे: गोल झाला नाही, आणि मी रडलो नाही!