आण्णा, खाकरायचं न्हाई!

माइकवाल्याच्या घशात दोन गोष्टी साठत जातात, कफ आणि किस्से. किस्से बाहेर काढायला अजून कुठल्या डॉक्टरनं मनाई केलेली नाही, म्हणून सांगून टाकतो.

आमची टोळी तिघांची. आण्णा फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आमच्या कडेगाव भागात तीस वर्षं कुस्ती मैदानांचे निवेदक. बाळू माणदेशातला, बैलगाडा शर्यतीचा समालोचक. एका दमात सात बैलजोड्यांची नावं मालकासकट घेतो, मध्ये श्वास कधी घेतो ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही. आणि मी शाळामास्तर. आण्णांना पैलवानांची नावं लिहून द्यायची आणि ते चहाला गेले की माइक सांभाळायचा, एवढीच माझी कीर्ती.

*

आण्णांचं खाकरणं म्हणजे साधं काम नव्हतं. जोडी मातीत उतरली, हातसलामी झाली, की आण्णा माइक तोंडाशी धरणार आणि "खर्रऽऽ ख्याक्!" मग पंचाची शिट्टी, मग "लागली कुस्तीऽऽ!"

एका मैदानात दोघं पैलवान शिट्टीसाठी थांबलेच नाहीत. आण्णा खाकरले आणि हे भिडले. चार सेकंदांत एक जण आकाश बघत पडला.

हरलेल्याचा वस्ताद पंचावर धावून गेला. "शिट्टी कुटं वाजली?"

जिंकलेल्याचा वस्ताद शांत. "आण्णा खाकरलं न्हवं का?"

पंचांनी जरा विचार केला आणि कुस्ती निकाली धरली! त्या दिवसापासून आमच्या भागात शिट्टी नुसती शोभेला उरली.

*

गेल्या हिवाळ्यात आण्णांचा आवाज फाटला. आधी गोडवा गेला, मग वरची पट्टी गेली, मग फोनवर त्यांचा मुलगा विचारायला लागला, "कोण बोलतंय?" तेव्हा कुठं हवालदारसाहेब मिरजेला घशाच्या डॉक्टरकडे यायला तयार झाले. मी सोबत.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दिवसातून किती वेळा खाकरता?"

"आसंल चार-पाच येळा." एवढं सांगेपर्यंत ते तीनदा खाकरले.

"म्हणजे आजचं जवळजवळ झालं," मॅडम म्हणाल्या.

मग घशात दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर आण्णांचा आवाज दिसला. दोन इवल्याशा पट्ट्या, लालभडक. "खाकरलं की या एकमेकींवर आपटतात," मॅडम सांगत होत्या. "आपटून सुजल्यात. सुजल्या म्हणून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. आणि वाटतं म्हणून तुम्ही परत खाकरता."

"म्हंजी मीच मला हाणतुया व्हय?"

"हो. आणि माइक लावून!"

उपाय ऐकून आण्णांचा चेहरा पडला. इंजेक्शन नाही, सलाईन नाही. घसा अडला की पाण्याचा एक घोट घ्यायचा आणि गिळायचा. नाही भागलं तर तोंड मिटून हलकंसं "हंऽ" करायचं आणि परत गिळायचं. दिवसभर थोडंथोडं पाणी, साध्या पाण्याची वाफ, तंबाखू बंद. पहिले चार दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. सहा आठवडे खाकरायचं नाही.

"आन न्हाई ऐकलं तर?"

"तर ऑपरेशन. आणि त्यानंतर माइकवरचा आवाज असाच राहील, याची खात्री मी देणार नाही."

गावच्या जत्रेचं मैदान बरोबर सातव्या आठवड्यात होतं. परतीच्या एसटीत आण्णा गप्प, बोलायला बंदीच होती म्हणा. तासगावच्या पुढं त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि तिकिटामागं लिहिलं, "मास्तर, माइक गेला तर मी कोण?" मी ते तिकीट घडी घालून खिशात ठेवलं. फार वाईट वाटलं.

*

आता वाफ साध्या पाण्याची घ्यायची म्हटल्यावर साध्या पाण्याची घेतील ते आण्णा कसले! त्यांनी पातेल्यात बामची अख्खी बाटली ओतली आणि डोक्यावरून घोंगडं घेतलं.

पाचव्या मिनिटाला बाहेर आले ते डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारी त्यांची बायको, आमच्या आक्का, कपाळाला हात लावून बसलेल्या. तेवढ्यात शेजारची मावशी साखर मागायला आली. तिनं हे दृश्य बघितलं आणि दारातच गळा काढला, "आवं, कवा गेलं वं? कालपातुर चांगलं हुतं की!"

आण्णांना बोलायची बंदी, आक्कांना हसू आवरेना. कोण गेलं ते न विचारताच मावशी अर्धा तास रडली आणि साखर न घेता गेली.

*

बाळूला या सगळ्याचं भारी हसू येई. "आण्णा, घोटबीट काय करताय? माज्याकडं औषध हाय!" त्याचा विट्याचा मेव्हणा तमिळनाडूत सोनं गाळायचा धंदा करतो. त्यानं तिकडून घसा बधिर करणाऱ्या गोळ्या पाठवलेल्या. आण्णांनी गोळी परत केली, हे नशीब.

बाळूनं मात्र दोन दिवसांच्या शर्यतीत पहिल्याच दिवशी चार गोळ्या एकदम गालात धरल्या. घसा बधिर, दुखायचं नाव नाही! गडी दिवसभर बेंबीच्या देठापासून ओरडला. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर आतून नुसती हवा. उरलेल्या फेऱ्या त्यानं हातवारे करून पार पाडल्या.

संध्याकाळी एक गाडामालक आवर्जून त्याला भेटायला आला. "लय झ्याक झालं गड्या! आज पैल्यांदा बैलं नीट बगाय मिळाली!"

*

घरातही आण्णांच्या खाकरण्याला मान होता. सासरा उंबऱ्याबाहेर खाकरला की आत पदर सावरायचा, मोबाइल उशीखाली जायचा. खाकरणं बंद झालं आणि ही सगळी यंत्रणाच कोलमडली.

एकदा आण्णा तसेच, न खाकरता, सोप्यात आले. सून आतून आपल्या आईशी फोनवर बोलत होती, "आये, घर कसं शांत हाय बग. मामंजींच्या मॅडमना म्हणावं, सहाचं बारा आठवडं करा!"

आण्णा पाऊल न वाजवता मागे फिरले आणि स्वतःच्याच घराचं दार बाहेरून वाजवलं. तीस वर्षं मैदान गाजवलेला माणूस!

*

सहाव्या आठवड्यात मॅडमनी तपासलं. सूज उतरली होती. "आता बेतानं बोला. पण खाकरलात, तर परत पहिल्यापासून." आण्णांनी त्यांनाच मैदानाचं आमंत्रण देऊन टाकलं.

जत्रेच्या दिवशी मॅडम पहिल्या रांगेत. आण्णांच्या पुढ्यात माइक आणि पाण्याची बाटली. प्रत्येक जोडीला घोट, गिळणं, मग आवाज. तीस वर्षांत एवढं सभ्य मैदान कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटची, मानाची जोडी उतरली. हातसलामी झाली. आण्णांनी तोंड उघडलं, आणि घसा अडला! एक घोट, गिळला. काही नाही. तोंड मिटून "हंऽ", दुसरा घोट. काही नाही. हजारो माणसं चिडीचूप. सगळ्या गावाला सहा आठवड्यांची बंदी पाठ होती. खाकरतायत आता, संपलं, म्हणून मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, ग्रामदैवताला नवसही बोललो.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक म्हातारा खाकरला. मग त्याच्या शेजारचा. मग वस्ताद मंडळी, मग झाडावर चढून बसलेले, मग बायकांच्या बाजूनं आमच्या आक्का! आणि मग अख्खं मैदान एकदम, "खर्रऽऽ ख्याक्!"

मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

आण्णांनी तिसरा घोट गिळला.

"लागली कुस्तीऽऽऽ!" आवाज कसा खणखणीत, पार वेशीपर्यंत! आणि खरंच, मातीत दोघं पैलवान केव्हाच भिडले होते.

पंचाची शिट्टी अजून खिशातच होती. मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहो, शिट्टी तर वाजलीच नाही. हे दोघं सुरू कशावर झाले?"

मी पाण्याचा एक घोट घेतला आणि गिळला.