तिला शिकवलेला शब्द

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादमबाईंचा शब्द खाली पडत नसे. बावीस वर्षं चादरी उकळून त्यांचे हात खरखरीत झाले होते. जीभ मात्र आधीपासूनच तशी होती.

दुसऱ्या मुलखातून आलेली ती बाई कामावर लागली, तेव्हा तिला इथलं एक अक्षर येत नव्हतं. मुकादमबाईंनीच तिला जवळ केलं. स्वतःच्या डब्यातली भाजी दिली, जुना स्वेटर दिला. ती मान खाली घालून घ्यायची, आणि बाईंचा ऊर भरून यायचा. "गरीब गाय आहे हो," असं त्या चारचौघींत सांगायच्या.

वर्षभरात गाय बोलायला लागली. चादरींच्या घड्याही सगळ्यांपेक्षा झरझर घालू लागली. एकदा यंत्र बंद पडलं आणि बाई नेहमीप्रमाणे त्यावर करवादल्या, तेव्हा ती इथल्याच भाषेत म्हणाली, "बाई, ते यंत्र आहे, नवरा नाही. ओरडून चालू होत नाही." सगळ्याजणी पोट धरून हसल्या. बाईही हसल्या. पण त्या दिवशी डबा त्यांनी एकटीनंच खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात साहेब तिला कायम करणार अशी बातमी आली. साहेबांचे आभार कसे मानायचे, हे विचारायला ती बाईंकडेच आली. दुसरं कोण होतं तिला? बाईंनी तिला समोर बसवून एक शब्द शिकवला. मोठ्या माणसाला मान द्यायचा तर असंच म्हणतात, असं सांगितलं. चार वेळा घोकवून घेतला, उच्चारही सुधारला. तो शब्द नळावरच्या भांडणातसुद्धा बायका जपून काढतात.

सगळ्यांसमोर, हात जोडून, ती साहेबांना तो शब्द म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला. ती गोंधळून बाईंकडे बघत म्हणाली, "यांनीच शिकवलं."

"मी कशाला असलं शिकवू?" बाई म्हणाल्या. खोलीतल्या अकराजणींपैकी तिघींना खरं माहीत होतं. तिघी चादरी मोजत राहिल्या. कायम होणं राहिलंच, महिनाअखेरीला तिला कामावरूनही काढलं.

घरी बाईंनी हा किस्सा हसत सांगितला. नवऱ्यानं जेवता जेवता विचारलं, "तिनं तुझं काय वाकडं केलं होतं?"

बाईंनी पातेलं जवळ ओढलं. "आपल्यासारखं बोलायला लागली होती," त्या म्हणाल्या आणि त्याला आमटी वाढली.

काही महिन्यांनी ती बाजारात दिसली, लेकीचा हात धरून. मुकादमबाईंनीच हाक मारली, कशी आहेस म्हणून विचारलं. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली, आणि काही कळत नसल्यासारखी आपल्या भाषेत लेकीशी बोलत निघून गेली.

बाई भाजीवालीकडे वळल्या. "बघितलंस?" त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं इथं राहतात, पण आपली भाषा म्हणून शिकायची नाहीत ही माणसं."